मंडळाचा नकार

सिग्मार वेन्त्सेल गेल्या अकरा वर्षांत एकही डाव हरला नव्हता आणि एकही जिंकला नव्हता. पूर्व जर्मनीतल्या आमच्या आपोल्डा गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. पटावरचा उंट कुठला आणि घोडा कुठला हेही ज्यांना सांगता येत नाही, त्या बायासुद्धा पाववाल्याकडे रांगेत उभ्या राहून विचारायच्या, "काय सिग्मार, या आठवड्यातही बरोबरीच का?" तो टोपी जराशी उचलून म्हणायचा, "दोन." मग चार पाव पिशवीत घालून घरी.

तो खेळायचा ते टपालाचं बुद्धिबळ. त्यात समोरासमोर बसायचं नसतं. आपण आपल्या घरी, समोरचा त्याच्या देशात. पूर्वी एकेक चाल पोस्टकार्डावर लिहून धाडायची, आता संगणकावर नोंदवायची. एका चालीला आठवडा घ्या नाहीतर महिना घ्या, एकेक स्पर्धा दोन-दोन वर्षं चालते. आणि या खेळात यंत्राची मदत घ्यायला पूर्ण मुभा आहे. तिथेच माशी शिंकली. दोन्हीकडे न चुकणारी यंत्रं बसल्यावर डाव जाणार कुठे? आता या खेळात निकाल लागतो तो दोनच कारणांनी. एक तर कुणीतरी चुकून भलतीच चाल नोंदवतो, नाहीतर कुणीतरी मरतो.

सिग्मारकडे एक सोडून तीन यंत्रं होती. चाली शोधणारी तीन इंजिनं, तीन संगणकांवर, इर्मगार्डच्या शिवणाच्या खोलीत. इर्मगार्ड म्हणजे त्याची बायको. तिला जाऊन सहा वर्षं झाली, पण खोलीचं नाव तेच राहिलं. इंजिनांना त्याने स्वतःच नावं दिली होती. एक सारखं कापा, मारा म्हणायचं, तो खाटीक. दुसरं आकाश कोसळलं तरी जपून राहा म्हणायचं, तो पाद्री. तिसरं एकेक प्यादं मोजत शेवटापर्यंत जायचं, तो मास्तर. तिघं मिळून खोली इतकी तापवायचे, की हिवाळ्यात तिथे शेगडी लावावी लागत नसे.

या तिघांचं मंडळ बांधलं ओर्ट्रुन ब्योल्केने. ओर्ट्रुन चौऱ्याहत्तर वर्षांची, जुन्या राजवटीत संगणकाच्या कारखान्यात प्रोग्राम लिहिणारी, आमच्या क्लबातली एकुलती एक बाई आणि पटावर समोर बसून सिग्मारला हरवू शकेल असं एकुलतं एक माणूस. तिचं म्हणणं असं, की इंजिन कितीही हुशार असो, त्याला त्याचं त्याचं वेड असतं. खाटकाला नसलेली आग दिसते, पाद्र्याला लागलेली दिसत नाही. तिघांना एका टेबलाशी बसवा आणि मतदान घ्या, म्हणजे एकाचं वेड दुसरा झाकतो. तिने लिहिलेला प्रोग्राम मतं गोळा करायचा, ठराव करायचा आणि प्रत्येक बैठकीचं इतिवृत्तही लिहून ठेवायचा. आमच्याकडे इतिवृत्त नसलेली बैठक झाली असं कुणी धरतच नाही.

"पुढच्या वर्षी पाच बसवू," ती सांगायची. "आणि त्यांच्या डोक्यावर एक अध्यक्ष. कुठल्या वेळी कुणाचं ऐकायचं ते तो आपलं आपण शिकेल. दहा वर्षांत बघ, सगळं जग असंच खेळणार आहे."

"मग मी काय करायचं?"

"तू? तू विजेचं बिल भरायचंस."

हसण्यावारी नेलं त्याने ते, पण लागलं होतं. सुरुवातीला तो स्वतःलाच मंडळाचा अध्यक्ष समजत असे. एकदा तिघांचं मत धुडकावून त्याने आपल्या मनाने घोडा पुढे काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी व्हायच्या आत मंडळाने दाखवलं, की त्या घोड्याने डाव जवळजवळ गेलाच होता. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी त्याचे कान गरम झाले, घरात कुणी नसताना. त्यानंतर तो मंडळ सांगेल ते बटण दाबू लागला. सकाळी आठला दाबायचं, दुपारी चारला दाबायचं. मधल्या वेळात भांडी घासायची, खिडकीतून समोरच्या बंद पडलेल्या विणकाम कारखान्याकडे बघायचं. त्या कारखान्यात त्याने सव्वीस वर्षं यंत्रं दुरुस्त केली होती. तिथलं यंत्र अडलं की माणूस लागायचा. ही यंत्रं अडतच नव्हती.

आता वीबेबद्दल सांगायला हवं.

वीबे हूकस्ट्रा हॉलंडचा, हार्लिंगेन बंदरातला, बोटींची शिडं शिवणारा. त्याच्याशी सिग्मारचा पहिला डाव चौऱ्याहत्तर सालचा. तेव्हा आमच्या सरहद्दीवर काटेरी तारा होत्या. कार्ड पलीकडे जायचं, माणूस जायचा नाही. कार्डावर चाल आकड्यांत लिहायची, म्हणजे भाषेची अडचण नको. पटावरच्या प्रत्येक घराला दोन आकडे, निघाल्याचं घर आणि पोचल्याचं घर मिळून चार. राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं, की ५२५४. परदेशी जाणारे हे आकडे बघून एकदा सुरक्षा खात्याचा माणूस चौकशीला आला, की ही गुप्त भाषा कसली? सिग्मारने पट मांडून त्याला दाखवलं. गडी पुढचे दोन गुरुवार पुन्हा आला, चहा पिऊन, डाव हरून गेला, आणि मग त्याची बदली झाली.

वीबेची कार्डं बंदराच्या चित्रांची असत. सिग्मारने कधीही न बघितलेला समुद्र त्याच्या बुटांच्या खोक्यात दोनशे बारा वेळा होता.

एकोणऐंशी साली एक गोष्ट घडली. टपालाच्या खेळात वेळ वाचवायची एक जुनी रीत आहे. आपल्या चालीसोबत पुढचीही लिहून टाकायची: तू असं खेळलास तर माझं असं. आणि जे लिहिलं ते पाळायचंच, शब्द म्हणजे शब्द. सिग्मारने ५२५४ लिहून डाव सुरू केला. वीबेचं उत्तर आलं: २७२६, आणि पुढे, 'यावर तू काहीही खेळ, माझं ३८२७.' म्हणजे आधी एक प्यादं सरकवून वाट मोकळी करायची आणि मग त्या घरात उंट आणून बसवायचा. साधी गोष्ट. पहिल्या दोन चालींत समोरचा काय मोठं करणार आहे?

पण त्याने 'काहीही' लिहिलं होतं. सिग्मारने आपला उंट सरळ त्याच्या प्याद्यांच्या तोंडाशी नेऊन ठेवला. एरवी असा उंट कुणीही हसत हसत मारला असता. पण वीबेला मारता येईना. त्याला लिहिलेला शब्द पाळून आपला उंट त्या उंटासमोर आणून ठेवावा लागला, आणि सिग्मारने तो खाल्ला, पाठोपाठ हत्तीही. क्लबात त्या गुरुवारी लोक पोट धरधरून हसले. वीबेचं कार्ड आलं: 'माझंच चुकलं. छान.' मागे बंदर, बोटी, निळं पाणी.

सिग्मार तेव्हा तेहतीस वर्षांचा होता. तोही हसला. पण इर्मगार्ड नव्हती हसली. ती म्हणाली, "बिचाऱ्याने विश्वासाने लिहिलं होतं रे."

"नियमात बसतं ते."

"नियमात बसतं म्हणतेच आहे मी."

पुढे तारा गेल्या, कारखानाही गेला. इर्मगार्ड दर उन्हाळ्यात म्हणायची, "आता तरी जा ना, भेटून ये त्या वीबेला." सिग्मार म्हणायचा, "हा डाव संपू दे." एक संपायच्या आत दुसरा सुरू झालेला असायचा. असं करता करता तीच संपली, आणि सिग्मार आपोल्ड्यातच राहिला. तारा होत्या तेव्हा निदान त्यांना शिव्या तरी देता यायच्या.

गेल्या ऑगस्टमध्ये त्याच्या कमरेचा सांधा बदलला. आधी रुग्णालय, मग बाड सुल्झाच्या आरोग्यकेंद्रात मिठाच्या पाण्यात चार आठवडे. त्या काळात डाव कोण बघणार? ओर्ट्रुन म्हणाली, "मंडळ आपोआप चालेल असं करते मी. चालीही तेच पाठवेल, बरोबरीचे प्रस्तावही तेच बघेल. तिघांचंही 'सारखा डाव' असं मत पडलं तरच होकार, नाहीतर नकार. तू आपला पाण्यात पडून राहा." सप्टेंबरच्या शेवटी सिग्मार काठी टेकत घरी आला, तेव्हा सगळे डाव जागच्या जागी होते. इतकं सुरळीत चाललं होतं, की त्याने ते तसंच चालू ठेवलं.

एकच डाव थांबला होता, वीबेचा. त्याची चाल होती आणि त्याचं घड्याळ चालू होतं. साठ दिवस गप्प राहिलात तर डाव गेला असा नियम. मुदत संपत होती तेवीस नोव्हेंबरला, रविवारी. योगायोगाने तो मृतांचा रविवार, आमच्याकडे त्या दिवशी सगळे आपापल्या माणसांच्या थडग्यांवर जातात.

आणि इथे ती किताबाची गोष्ट येते. टपाल-बुद्धिबळाचा मास्टर हा किताब सिग्मार पंचेचाळीस वर्षं हुंगत होता आणि दर वेळी अर्ध्या गुणाने हुकत होता. या स्पर्धेत त्याचे बाकीचे सगळे डाव बरोबरीत सुटले होते. वीबेशीही बरोबरी झाली, तर पुन्हा अर्ध्या गुणाने हुकणार. वीबेचं घड्याळ संपलं, तर किताब मिळणार. एकोणऐंशी वर्षांच्या माणसाला पुढच्या स्पर्धेचं आश्वासन कुणी देत नाही.

क्लबाचा प्रमुख हार्टमुट, निवृत्त बेकरीवाला, दर गुरुवारी मोठ्याने दिवस मोजायचा. "चोवीस राहिले, मास्टरसाहेब!" "सतरा राहिले, मास्टरसाहेब!" त्याने आलुबुखाराचा मोठा केक करायचं ठरवलं होतं, वर साखरेने 'मास्टर' लिहिलेला. सिग्मार म्हणायचा, "गप रे, लाज आहे का?" पण स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तोही रोज एक फुली मारत होता. वीबे आजारी असेल, मेलाही असेल, हे त्याच्या मनात येऊन गेलं होतं. आणि त्याच्या पाठोपाठ, मग तर नक्कीच, असंही आलं होतं. त्या दिवशी त्याने फुली मारायचं पेन खणात टाकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढलं.

बारा दिवस उरले असताना हार्टमुटने क्लबाच्या पत्रिकेसाठी सिग्मारकडे मंडळाच्या गमती मागितल्या. म्हणून सिग्मारने मंडळाचं इतिवृत्त उघडलं, जे तो कधीच उघडत नसे. ऑगस्ट वाचून झाला. सप्टेंबरला आला.

'२ सप्टेंबर. हूकस्ट्रा यांचा प्रस्ताव: बरोबरी. सोबत निरोप: सिग्मार, थकलो मी. बरोबरी करू? मतदान. मास्तर: सारखा डाव. पाद्री: सारखा डाव. खाटीक: पांढऱ्याचं बारा शतांश जास्त. ठराव: नकार.'

'९ सप्टेंबर. हूकस्ट्रा यांचा प्रस्ताव: बरोबरी. निरोप: डोळे बरे नाहीत. आकडे दिसत नाहीत. बरोबरी? मास्तर: सारखा डाव. पाद्री: सारखा डाव. खाटीक: पांढऱ्याचं बारा शतांश जास्त. ठराव: नकार.'

'२४ सप्टेंबर. हूकस्ट्रा यांचा प्रस्ताव: बरोबरी. निरोप: एक तारखेला वृद्धाश्रमात जातो. तिथे यंत्र नाही. आपला डाव अर्धा राहू नये. कृपा कर. मास्तर: सारखा डाव. पाद्री: सारखा डाव. खाटीक: पांढऱ्याचं बारा शतांश जास्त. ठराव: नकार.'

पांढरा म्हणजे सिग्मार, आणि बारा शतांश म्हणजे एका प्याद्याचा आठवा हिस्सा. तेवढ्यासाठी एक म्हातारा माणूस तीनदा पाया पडला होता, आणि तिन्ही वेळा सिग्मार वेन्त्सेलच्या नावाने त्याला नाही म्हटलं गेलं होतं.

तो काठी न घेताच उठला आणि कमरेत कळ आली म्हणून पुन्हा बसला. मग त्याने जे केलं ते केवळ सवयीने. मंडळाला विचारलं, आता काय? मंडळाने उत्तर दिलं: 'चाल आपली नाही. प्रतीक्षा करावी.' आणि खाली वीबे जे जे खेळू शकेल त्या एकतीस चालींवरची एकतीस उत्तरं नीट मांडून दिली.

ओर्ट्रुन दुपारी आली, वाचलं, चष्मा काढून पुसला.

"निरोप वाचायचं मी त्याला शिकवलंच नव्हतं," ती म्हणाली. "त्याला फक्त पट दिसतो."

"आता मी बरोबरी देतो त्याला."

"कशी देणार? बरोबरी आपल्या चालीबरोबरच मागता येते, आणि चाल त्याची आहे."

"मग निरोप पाठवतो."

"निरोपही चालीबरोबरच जातो, सिग्मार. तुला माहीत आहे."

माहीत होतंच. त्याने स्पर्धेच्या पंचाला लिहिलं. पंचाचं उत्तर दोन दिवसांत आलं, अतिशय सभ्य: बटण माणसाने दाबलं की प्रोग्रामने, याच्याशी नियमाला देणंघेणं नाही, नकार हा नकारच. हार्लिंगेनच्या पत्त्यावर त्याने पत्र टाकलं. ते आठ दिवसांनी परत आलं, वर शिक्का, 'या पत्त्यावर राहत नाहीत'. ओर्ट्रुनने हार्लिंगेनमधल्या दोन वृद्धाश्रमांचे नंबर शोधून दिले. एक म्हणाला, असं कुणी नाही. दुसरा म्हणाला, आमच्याकडे कोण राहतं आणि कोण नाही हे आम्ही फोनवर सांगत नसतो.

इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, तिथे निदान कशात पडायचं ते तरी आपण ठरवतो. सिग्मारला काही करताच येत नव्हतं. तो शिवणाच्या खोलीत बसायचा, तीन पंखे घुं घुं करायचे, पडद्यावर वीबेचं घड्याळ उलटं चालायचं आणि खाली तेच वाक्य: चाल आपली नाही. पाच दिवस. चार दिवस. काहीही न करता तो जिंकत चालला होता.

त्याहून वाईट एक गोष्ट त्याला छळत होती. आपण सप्टेंबरात घरी असतो, तर? वीबेचा पहिला निरोप आपण स्वतः वाचला असता, किताब अर्ध्या गुणावर दिसत असता, तर आपण होकार दिला असता का? त्याने खूप विचार केला. हो असं उत्तर काही छातीठोकपणे येईना.

रविवारी सकाळी तो इर्मगार्डच्या थडग्यावर गेला. हिवाळ्यासाठी माती झाकायला देवदाराच्या फांद्या नेल्या होत्या. वाकता येत नव्हतं, म्हणून काठीनेच एकेक सरकवली. एक फांदी सारखी वाकडी पडत होती.

"नियमात बसतं ते," तो तिला म्हणाला.

दुपारी तीनला, कॉफीच्या वेळी, ओर्ट्रुन आली. हार्टमुटने सोमवारच्या केकसाठी साखर घोटायला घेतलीये, असं सांगत तिने कोट काढला, आणि सिग्मारला शिवणाच्या खोलीत पडद्यासमोर कोट-टोपीसकट बसलेला पाहून दारातच थांबली.

पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटं बटण असतं. चाल कुणाचीही असो, ते नेहमी चालू असतं. हार कबूल. अकरा वर्षांत सिग्मारची नजर त्याच्यावर पडली नव्हती. मंडळाने ते कधी सुचवणं शक्यच नव्हतं.

"सिग्मार, नको," ओर्ट्रुन म्हणाली. "वेड्यासारखं करू नकोस. नऊ तास राहिलेत."

"म्हणून तर."

"अरे, पण त्याला काय मिळणार आहे त्यातून? तो कुठल्या आश्रमात पडलाय, त्याच्याकडे यंत्र नाही, त्याला कळणारसुद्धा नाही! जिवंत तरी आहे का, कुणास ठाऊक. आणि माझं काय? चार वर्षांत मंडळ एकदाही हरलेलं नाही. एर्फुर्टच्या परिषदेत सगळ्यांसमोर मी ते मांडणार आहे. काय सांगू, मालकानेच तोंडघशी पाडलं म्हणून?"

"सांग, की मंडळ नाही हरलं. वेन्त्सेल हरला."

"पंचेचाळीस वर्षं, सिग्मार!"

"तो तीनदा म्हणाला, ओर्ट्रुन. तीनदा. शेवटी कृपा कर म्हणाला." त्याने पडद्यावरचा बाण त्या बटणावर नेला. "मला एवढं एकच बटण ठेवलंय सगळ्यांनी. मी दाबतो."

दाबलं. 'नक्की का?' असं पडद्याने विचारलं. होय, दाबलं. स्पर्धेच्या तक्त्यात हूकस्ट्रापुढे एक आला आणि वेन्त्सेलपुढे शून्य. ओर्ट्रुनने कोट पुन्हा घातला आणि कॉफी न पिताच गेली.

सोमवारी क्लबात केक मात्र झालाच, हार्टमुट काही वाया जाऊ देणारा नव्हे. अक्षरं तेवढी सुरीने खरवडली होती, पण 'मा' तसाच राहिला होता. तो तुकडा त्याने मुद्दाम सिग्मारच्या बशीत वाढला. "खा," म्हणाला, "एवढाच मास्टर तुझ्या वाट्याला." कुणी हसलं नाही. क्लबातून परतताना सिग्मारला वाटलं, आपण नेमकं काय मिळवलं? वीबेला कळलं नाही, ओर्ट्रुन बोलत नाही, किताब गेला. घरी तीन पंखे तसेच घुं घुं करत होते, दुसऱ्या स्पर्धांतल्या डावांत बरोबरी चालूच होती. सुटलो असं वाटायला हवं होतं, ते काही वाटत नव्हतं.

डिसेंबरच्या मध्याला टपालपेटीत कार्ड आलं. बंदर, बोटी. पत्ता वाकडातिकडा, पण बरोबर, कारण पन्नास वर्षांत तो बदललाच नव्हता. अक्षरं एवढाली मोठी, डोळे गेलेल्या माणसाची.

'सिग्मार. पुतणीने तक्ता वाचून दाखवला. तू हरलास? माझ्याशी? तुझी यंत्रं जळाली का? तू तीनदा नाही म्हणालास म्हणून मी रागावून गप्प होतो. आता रागावता येत नाही, जिंकलो ना. आता तिच्या गावच्या आश्रमात असतो. इथे यंत्र नाही, पण पोस्टमन रोज येतो. ५२५४.'

सिग्मारने ते उभ्या उभ्या दोनदा वाचलं. मग खाली बसून तिसऱ्यांदा. मग माळ्यावरून लाकडी पट काढला, धूळ पुसली, सोंगट्या मांडल्या आणि वीबेचं पांढरं प्यादं दोन घरं पुढे ठेवलं. आणि तिथे बसूनच राहिला. पहिली चाल, लहान मूलही खेळेल अशी. त्याला सुचेना. बोट पटावर जायचं आणि मन शिवणाच्या खोलीकडे. दोन दिवस तो पट जेवणाच्या टेबलावर तसाच होता. बटाट्याचे उकडलेले गोळे तो रविवारी चुलीपाशी उभं राहूनच जेवला.

तिसऱ्या दिवशी ओर्ट्रुन आली. ती रागावलेलीच होती, पण नाताळापूर्वी कुणाशी अबोला ठेवू नये असं तिच्या आईने शिकवलं होतं, असं तिने आल्या आल्या सांगून टाकलं. टेबलावर लिहून तयार असलेलं कार्ड होतं. तिने ते उचललं. '२७२६. यावर तू काहीही खेळ, माझं ३८२७.'

"हे काय?" ती ओरडली. "काहीही? 'काहीही' कुणी लिहितं का? सिग्मार, तो सरळ तुझा उंट खाईल! मंडळाला विचारलंस?"

"नाही."

ती तरातरा शिवणाच्या खोलीत गेली, टकटक केलं, परत आली. "तीन विरुद्ध शून्य. तिघंही म्हणतात घोडचूक. तिघांचं एकमत मी आज पहिल्यांदा बघतेय. उंट जाईल तुझा, कळतंय का?"

"जाऊ दे," सिग्मार म्हणाला. "त्याचाच आहे तो."

एकोणऐंशी साली ओर्ट्रुन क्लबात नव्हती. सिग्मारने तिला खुर्ची दिली, कॉफी ओतली आणि पहिल्यापासून सांगितलं. सांगून झाल्यावर तिने कार्ड उलटसुलट केलं, पर्समधून तिकीट काढलं आणि जिभेवर ओलं करून स्वतःच लावलं. पेटीपर्यंत दोघं गेली, काठी टेकत, बर्फातून.

जानेवारीत उत्तर आलं. अक्षरं आणखी मोठी, कार्डात जेमतेम मावलेली.

'६११६!! तुझं ३८२७. मग माझं १६२७. सेहेचाळीस वर्षं थांबलो होतो, चोरा.'

सिग्मारने वीबेचा उंट तिरपा नेला, आपला उंट शब्दाप्रमाणे त्याच्यासमोर आणून ठेवला, आणि मग तो उचलून टेबलाच्या कडेला ठेवला. कोपऱ्यातला हत्तीही अडकला होता, तोही जाणार होता. डाव हरल्यातच जमा. शिवणाच्या खोलीचं दार त्याने ओढून घेतलं, कॉफीचा कप जवळ सरकवला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून पटाकडे बघू लागला.

आता चाल सिग्मारची होती.